पुराचं नुकसान आणि कारखान्याचा चालू खर्च: नफा-तोटा पत्रकात दोन्ही वेगळे कसे ठेवले

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची फाउंड्री (धातूचे ओतीव भाग बनवणारा कारखाना) आणि तिला जोडून असलेलं मशीनशॉप दोन्ही पुरांतून गेलं. भट्टी, मोल्डिंग, मशीनिंग पुन्हा कसं उभं राहिलं हा उत्पादन विभागाचा विषय. इथे फक्त हिशेब विभागाचं काम मांडतोय: कोणता खर्च कारखान्याचा नेहमीचा, कोणता पुराचा, आणि दोन्ही वार्षिक हिशेबात कुठे दाखवले.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शेअर बाजारात नोंदणी नाही, नेटवर्थ २५० कोटींच्या खूप खाली. त्यामुळे आम्हाला इंड एएस (आंतरराष्ट्रीय नियमांशी जुळवलेली नवी हिशेब मानकं) नव्हे, जुने एएस (अकाउंटिंग स्टँडर्ड्स) लागू होतात आणि पत्रकं कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३, विभाग १ प्रमाणे बनतात. पुढे फरक पडतो तिथे इंड एएसचंही सांगतो.

पाणी ओसरल्यावर अकाउंट्सचं पहिलं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, शेडमध्ये होतं. भिंतीवरची चिखलाची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली मोजपट्टी आणि तारीख दिसेल असा फोटो. प्रत्येक शेडचा, प्रत्येक रॅकचा. तलाठ्याचा पंचनामा वेगळा घ्यायचा. विमा कंपनीला लेखी कळवायचं आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत भिजलेला माल गेटबाहेर सोडायचा नाही. चिखल काढण्याच्या घाईत भंगारवाल्याचा टेम्पो भरला की तो माल होता हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

मोजणी करताना चार ढीग केले. जसाच्या तसा वापरता येईल असा माल, खर्च करून सुधारेल असा, भट्टीत परत जाईल असा, आणि टाकूनच द्यावा लागेल असा. फाउंड्रीत ही वर्गवारी फार महत्त्वाची आहे. पिग आयर्न पाण्यात आठवडाभर राहिलं तरी वाया जात नाही, गंजतं एवढंच. मात्र ते आणि भंगार पूर्ण वाळवल्याशिवाय भट्टीत घालता येत नाही, कारण ओला चार्ज (भट्टीत घालायचा माल) वितळलेल्या धातूत पडला तर स्फोट होतो. म्हणजे इथे नुकसान मालाचं नाही, वाळवणीच्या खर्चाचं आहे. उलट साच्यांसाठी लागणारं बेंटोनाइट, कोल डस्ट, रेझिन कोटेड सँड, तयार कोअर सगळं गेलं. इंडक्शन भट्टीचं रॅमिंग मास (आतल्या अस्तराची पूड) भिजलं, लायनिंग म्हणजे अस्तर नव्याने ठोकावं लागलं. मोटारी धुऊन, ओव्हनमध्ये सुकवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासून काही वाचल्या, बाकीच्या रिवाइंडिंगला गेल्या.

गिऱ्हाइकांचे पॅटर्न (साच्याचे नमुने) आणि जॉबवर्कला आलेलं कास्टिंग (ओतीव भाग) पाचव्या, वेगळ्या यादीत. हा माल आपला नाही, आपल्या स्टॉकमध्ये धरलेला नाही, त्यामुळे आपल्या मालनुकसानात येत नाही. भरून द्यायची वेळ आली तर ती देणेदारी म्हणून येते. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय धरला जात नाही, हे नूतनीकरणाच्या वेळीच बघायला हवं.

आता मुख्य प्रश्न. पुरानंतरच्या दोन-तीन महिन्यांत येणारं प्रत्येक बिल 'पुरामुळे' या सदरात टाकण्याची ओढ असते. मशीनशॉपमध्ये, स्टोअरमध्ये, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात सगळ्यांनाच. आम्ही प्रत्येक व्हाउचरला एकच कसोटी लावली: पूर आला नसता तर हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो चालू खर्च. कारखाना बंद असताना कायम कामगारांचा पगार, महावितरणचा मागणी आकार, कर्जाचं व्याज, घसारा, सिक्युरिटीचं बिल हे सगळं पूर न येताही द्यावंच लागलं असतं. उत्पादन झालं नाही म्हणून ते पुराचं नुकसान ठरत नाही. मशीन बंद पडून होतं म्हणून घसाराही थांबत नाही. याउलट पाणी उपसायच्या पंपाचं भाडं, चिखल काढायला बाहेरून आणलेली माणसं, रिवाइंडिंग, नवीन लायनिंग, कास्टिंग पुन्हा शॉट ब्लास्ट करून रंगवण्याची मजुरी हे पुराचं. शिरोलीजवळ हायवे बंद असताना माल लांबच्या रस्त्याने पाठवावा लागला. त्यातलं जादा भाडं कुठे धरायचं यावर ऑडिटरशी बराच खल झाला. आम्ही ते वाहतूक खर्चातच ठेवलं. माल विकला गेला, पैसे आले, म्हणजे तो विक्रीचाच खर्च. रस्ते बंद होणं दर पावसाळ्यात थोडंफार होतंच.

नोंदीची पद्धत साधी ठेवली. खर्चाची खाती नेहमीचीच: दुरुस्ती, मजुरी, डिझेल, स्टोअर्स. त्यावर टॅलीत 'पूर ऑगस्ट २०१९' असं कॉस्ट सेंटर, म्हणजे एका कारणाचे खर्च एकत्र काढता यावेत म्हणून लावायची खूण. प्रत्येक बिल त्याच्या स्वभावाप्रमाणे आपल्या खात्यात जातं आणि पुराचं असेल तर त्यावर कॉस्ट सेंटर लागतं. वर्षअखेरीस कॉस्ट सेंटरचा अहवाल काढून एका जर्नल नोंदीने ती रक्कम असाधारण बाबींत (एक्सेप्शनल आयटम्स) नेली. पहिल्यापासूनच 'पूर खर्च' नावाचं एकच खातं उघडलं असतं तर त्यात डिझेल किती, मजुरी किती हे विमा, जीएसटी आणि ऑडिट तिघांसाठी नंतर खणून काढावं लागलं असतं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मालाच्या नुकसानीत, आणि तो ताळेबंद जुळला तरी दिसत नाही. परिशिष्ट ३ मध्ये 'वापरलेला कच्चा माल' हा आकडा सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा असा निघतो. पुरात गेलेला माल अखेरच्या साठ्यात नसतोच. म्हणजे वेगळी नोंद केली नाही तर तो आपोआप 'वापरलेला' ठरतो. उदाहरणाचे आकडे घेऊ. सुरुवातीचा साठा ४० लाख, खरेदी ४०० लाख, अखेरचा साठा ३० लाख. गणिताने वापर निघतो ४१० लाख. त्यात पुरात गेलेले २५ लाख आहेत, म्हणून खरा वापर ३८५ लाख. विक्री ७०० लाख असेल तर मालाचा खर्च ५५ टक्के, पण नोंद न करता तो ५८.६ टक्के दिसतो. हाच टक्का बघून गिऱ्हाईक दर ठरवतं आणि बँक मर्यादा ठरवते. नोंद अशी:

पुरातील मालनुकसान खाते, नावे २५ लाख
कच्चा माल वापर खाते, जमा २५ लाख

जमेची बाजू विसरून नुसतं नुकसान नावे टाकलं आणि दुसरी बाजू साठ्याला दिली, तर तेच २५ लाख दोनदा खर्ची पडतात: एकदा नुकसान म्हणून, एकदा वापर म्हणून. तयार आणि अर्धवट मालाचंही तसंच. तिथे ही रक्कम 'साठ्यातील बदल' या ओळीत लपते.

तयार मालाचं नुकसान मोजताना पूर्ण किंमत उडवायची नसते. मशीन केलेल्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले की कास्टिंग बाद, पण लोखंड शिल्लक असतं. १२ किलोचं कास्टिंग, आपला खर्च १,५०० रुपये. ते चार्जमध्ये परत गेलं तर किलोला ३५ रुपयांप्रमाणे ४२० रुपयांचा कच्चा माल झाला. नुकसान १,०८० रुपये. ४२० रुपये रिटर्नच्या (परत वितळवायच्या लोखंडाच्या) साठ्यात नावे पडतात. विक्रीची किंमत इथे कुठेच येत नाही, हिशेबात नाही आणि विम्यातही नाही. तयार मालाचा दावा उत्पादन खर्चानेच बघितला जातो.

एक मुद्दा आम्ही कटाक्षाने पाळला. रॅकच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असलेला माल, बंद झालेल्या मॉडेलची कास्टिंग, जुन्या ऑर्डरची उरलेली इन्सर्ट हे पुरात भिजलं तरी त्याची पूर्ण किंमत पुराचं नुकसान नव्हे. आदल्या दिवशी त्याची जी किंमत मिळाली असती तेवढंच पुराने नेलं. त्याआधी उतरलेली किंमत एएस २ प्रमाणे नेहमीच्या खर्चात उतरवायची. हे न करता सगळा जुना माल पुराच्या नावावर खपवला तर सर्व्हेअर गेल्या दोन वर्षांची हालचाल मागतो आणि मग चांगल्या मालाच्या दाव्यावरही संशय येतो.

कागद भिजले असतील तर साठा मागून बांधावा लागतो: शेवटच्या मोजणीचा साठा, अधिक खरेदी, अधिक उत्पादन, वजा पाठवलेला माल. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २ए आणि नंतर आलेल्या २बीवरून (पुरवठादारांच्या बिलांवरून आपोआप बनणाऱ्या याद्या), विक्री जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि ई-वे बिलांवरून. फाउंड्रीत मध्ये मेल्टिंग लॉस (वितळताना घटणारं वजन) आणि रनर-रायझरचा (ओतताना राहणाऱ्या जादा धातूचा) परतावा येतो, त्यासाठी आपल्याच भट्टीची मागच्या बारा महिन्यांची सरासरी घेतली. आणि हा बांधलेला साठा बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी जुळलाच पाहिजे. ड्रॉइंग पॉवर (साठ्यावर बँकेतून उचलता येणारी रक्कम) वाढावी म्हणून तिथे फुगवलेला आकडा विम्याच्या दाव्यात अंगाशी येतो: साठा जास्त दाखवला तर विमा रक्कम अपुरी ठरते. २०२१-२२ पासून कारो २०२० (ऑडिट अहवालाबद्दलचा सरकारी आदेश) आल्यावर पाच कोटींवरच्या खेळत्या भांडवल मर्यादेसाठी तिमाही स्टेटमेंट आणि पुस्तकं जुळतात का, हे ऑडिटरला लिहावंच लागतं.

बंद काळातल्या स्थिर खर्चाबद्दल एएस २ स्पष्ट आहे. स्थिर उत्पादन खर्च मालावर चढवायचा तो नेहमीच्या क्षमतेने. महिन्याला ५०० टन ही नेहमीची क्षमता आणि ५० लाख स्थिर खर्च असेल तर टनाला १०,००० रुपये. ऑगस्टमध्ये २०० टनच निघाले तर मालावर २० लाखच चढतात. उरलेले ३० लाख त्या काळाचा खर्च, आपापल्या नेहमीच्या सदरात. सगळे ५० लाख २०० टनांवर वाटले तर टनाला २५,००० पडतात आणि साठा फुगतो. ऑगस्टचा माल मार्चपर्यंत विकला गेलेला असतो, म्हणून वार्षिक हिशेबात याचा परिणाम कमी. पण मासिक अहवालात आणि त्या महिन्याच्या, बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये फार. २०१९-२० मध्ये तर मार्चअखेर लॉकडाऊन लागला, त्यामुळे हे गणित ताळेबंदाच्या तारखेलाही करावं लागलं. लॉकडाऊनचा बंद काळ पुराच्या कॉस्ट सेंटरमध्ये मिसळू दिला नाही.

मशीनच्या बाबतीत तीन घटना असतात आणि त्यांची वजाबाकी एकमेकींत करायची नसते. समजा एका व्हीएमसीची (संगणकावर चालणाऱ्या मशीनिंग यंत्राची) पुस्तकी किंमत १४ लाख उरली होती आणि ते पूर्ण निकामी झालं. १४ लाख त्या वर्षी नुकसान. विमा कंपनीने ३६ लाख मान्य केले, ते उत्पन्न. नवीन मशीन ४१ लाखांना आलं, ते ४१ लाखांनाच मालमत्तेत. बरेच जण ४१ मधून ३६ वजा करून मशीन पाच लाखांचं दाखवतात. मग पुढची सगळी वर्षं घसारा चुकतो. एएस १० या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगतं, इंड एएस १६ सुद्धा. मशीन दुरुस्त झालं तर दुरुस्ती खर्चात. सर्व्हो ड्राइव्ह किंवा स्पिंडलसारखा मोठा भाग बदलला तर नवा भाग मालमत्तेत आणि जुन्याची उरलेली किंमत नुकसानीत.

पुस्तकी किंमत १४ आणि दावा ३६ कसा, हे संचालकांना समजावून सांगावं लागतं. पॉलिसीत पुनर्स्थापना मूल्याचं कलम असेल तर तसंच दुसरं मशीन आज घ्यायला जे लागेल ते मिळतं. पण ते खरंच घ्यावं लागतं, नुकसान झाल्यापासून बारा महिन्यांत काम पूर्ण करून. तोपर्यंत घसारा वजा जाता बाजारमूल्याइतकंच मिळतं. ऑगस्ट २०१९ चे बारा महिने ऑगस्ट २०२० ला संपत होते आणि मधले महिने लॉकडाऊनमध्ये गेले. अशा वेळी मुदतवाढ लेखीच हवी, कारण कलमात तसंच लिहिलेलं आहे.

दावा उत्पन्नात कधी घ्यायचा? एएस २९ प्रमाणे पैसे मिळणं जवळपास निश्चित झाल्यावर. नुसता दावा दाखल केला, सर्व्हेअर येऊन गेला, एवढ्यावर नाही. विमा कंपनीने मान्य केल्याचं पत्र किंवा ऑन-अकाउंट पेमेंट (दाव्यापोटी आधी दिलेली काही रक्कम) आलं की तेवढ्यापुरतं धरायचं. त्याआधी एएसमध्ये तो हिशेबासोबतच्या टिपणांतही दाखवत नाहीत, फार तर संचालकांच्या अहवालात लिहितात. इंड एएस ३७ मध्ये मिळण्याची शक्यता जास्त असेल तर टिपणात माहिती देतात. त्यामुळे एका वर्षी मोठं नुकसान आणि पुढच्या वर्षी मोठं उत्पन्न असं दिसतं. बँकेला ते खटकतं, पण नियम तोच आहे. दोन्ही वर्षांत ओळ तीच ठेवली की वाचणाऱ्याला जोडता येतं.

मालाच्या दाव्यात अपुऱ्या विम्याची कपात येते. विमा रक्कम दोन कोटी, त्या दिवशी साठा अडीच कोटी, नुकसान ६० लाख. मान्य होतात ६० गुणिले २ भागिले २.५, म्हणजे ४८ लाख. त्यातून पाच टक्के स्वतःचा हिस्सा २.४० लाख गेला की हातात ४५.६० लाख. म्हणजे भंगाराचे पैसे बाजूला ठेवले तरी १४.४० लाख आपल्या अंगावर. १ एप्रिल २०२१ पासून पाच ते पन्नास कोटींच्या मालमत्तेसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतच्या तुटीला ही कपात लागत नाही. पाऊस सुरू होण्याआधी विमा रक्कम तपासणं हे अकाउंट्सचंच काम आहे असं आमचं ठाम मत आहे.

जीएसटीकडे बघण्याची नजर वेगळी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालावरचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. पाच लाखांचं रेझिन आणि स्टोअर्स टाकून दिलं आणि त्यावर १८ टक्के कर घेतलेला असेल तर ९० हजार परत, आणि नुकसान ५.९० लाख. हे ९० हजारही पुराच्याच कॉस्ट सेंटरमध्ये. २०२२ च्या परिपत्रकानंतर ही रक्कम जीएसटीआर-३बी विवरणाच्या तक्ता ४(ब)(१) मध्ये जाते. भट्टीत परत गेलेलं कास्टिंग नष्ट झालेलं नाही, ते पुन्हा उत्पादनातच लागलं. म्हणून 'राइट ऑफ' आणि 'किंमत उतरवली' या दोन याद्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवल्या. परत केलेला कर विम्यात मिळवायचा तर विमा रक्कम ठरवताना तो धरलेला हवा आणि परत केल्याचा पुरावा जोडायला हवा.

आयकराचं थोडक्यात. मालाचं नुकसान धंद्याचं नुकसान म्हणून वजा मिळतं, मालावरचा दावा उत्पन्न. मशीनचं पुस्तकी नुकसान वजा मिळत नाही. विम्याचे आणि भंगाराचे पैसे एकाच घसारा दराच्या मालमत्तेच्या गटातून (ब्लॉक) वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. पुस्तकात एक आणि आयकरात दुसरं झालं की एएस २२ प्रमाणे स्थगित कराची (डिफर्ड टॅक्स) नोंद येते. हे सगळं १९६१ च्या कायद्याप्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक नव्याने बघावेत.

मग नफा-तोटा पत्रकात ओळ कोणती? विभाग १ मध्ये दोन जागा आहेत: असाधारण बाबी आणि त्याखाली विलक्षण बाबी (एक्स्ट्राऑर्डिनरी आयटम्स). एएस ५ विलक्षण बाबीचं उदाहरण म्हणून भूकंप देतं, म्हणून पूरही तिथेच टाकावा असं अनेकांना वाटतं. पण व्याख्येत वारंवार घडण्याची अपेक्षा नसलेली घटना असं आहे. पंचगंगेच्या काठावर २००५, २०१९ आणि २०२१ नंतर तसं लिहिणं आम्हाला खरं वाटत नाही. आम्ही दोन्ही वेळा असाधारण बाबींत दाखवलं आणि टिपणात फोड दिली: मालनुकसान, मशीन, साफसफाई व दुरुस्ती, परत केलेला जीएसटी, वजा भंगाराची किंमत, वजा मान्य झालेला दावा. इंड एएसवाल्यांना हा प्रश्नच नाही, तिथे विलक्षण बाबी दाखवायला मनाई आहे. अमेरिकेनेही २०१५ च्या दुरुस्तीने ती ओळ काढली. २०२७ पासून लागू होणाऱ्या आयएफआरएस १८ या आंतरराष्ट्रीय मानकात तर असं नुकसान कार्यचालन नफ्याच्या आतच मोजलं जाईल.

रोख प्रवाह पत्रकात मालाच्या दाव्याचे पैसे कार्यचालनात आणि मशीनच्या दाव्याचे गुंतवणुकीत दाखवले. विमा कंपनीने दोन्ही एकाच रकमेने सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात जमा केले असले तरी सेटलमेंट व्हाउचरवरची फोड घेऊन.

२०२१ च्या पुराने एक वेगळाच प्रश्न आणला. पूर जुलैत आला तेव्हा मार्च २०२१ चे हिशेब सहीला बाकी होते. नुकसान त्या वर्षात घ्यायचं का? नाही. ३१ मार्चला माल सुस्थितीत होता, नुकसान नंतर घडलं. एएस ४ प्रमाणे मार्चच्या आकड्यांना हात लावायचा नाही. संचालकांच्या अहवालात घटना, अंदाजे नुकसान आणि विम्याची स्थिती लिहिली. इंड एएस १० असतं तर हेच टिपणांत आलं असतं. अपवाद एकच: नुकसान इतकं मोठं की कारखाना पुढे चालूच शकणार नाही, तर हिशेबाचा पायाच बदलतो. आमचं तसं नव्हतं. ऑडिटरने मात्र सहीआधी तीन कागद मागितले: बँकेचं मर्यादा चालू ठेवल्याचं पत्र, पुढच्या बारा महिन्यांचा रोख अंदाज, आणि भट्टी पुन्हा सुरू झाल्यानंतरचं मेल्टिंगचं रजिस्टर.